फुटपाथवरचा फोन: आधी नंबर टिकवा

बेघर माणसाच्या हातात फोन देणं फारसं अवघड नाही. सहा महिन्यांनी त्याच नंबरवर तो माणूस सापडतो का, इथे सगळं अडतं. फोन चोरीला जातो, पावसात भिजतो, सामान उचलणाऱ्या गाडीत जातो, अडचणीच्या दिवशी शे-दोनशेला विकलाही जातो. हे होणारच असं धरून कामाला लागायचं. नंबर मात्र जाता कामा नये. आधार, बँक, रेशन, दवाखान्यातली नोंद, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं असतं.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निवारा केंद्रावर किंवा थेट रस्त्यावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. क्रम शक्यतो मोडू नका. आधी फोन आणि मग सिम असं केलं की पैसे वाया जातात, ते का ते पुढे येईल.

पहिल्या भेटीत विचारायचं ते

दिवसा बारा वाजता फुटपाथवर गेलात तर अंथरुणं दिसतील, माणसं नाहीत. नाक्यावर काम शोधणारे सकाळी सातच्या आत निघतात. रात्री नऊनंतर किंवा पहाटे सहाच्या सुमारास जा. कागदपत्रांपासून सुरुवात करू नका, माणूस बिचकतो आणि तुम्ही सरकारी आहात असं समजतो. चार गोष्टी कळल्या तरी पहिली भेट सार्थकी लागली: फोन आहे का, सिम कुणाच्या नावावर आहे, शेवटचा रिचार्ज कधी मारला, आणि नंबर तोंडपाठ आहे का.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण उत्तर बहुधा असं येतं:

"काका, तुमचा नंबर सांगा बरं."
"नंबर व्हय? त्यो चहावाल्याला म्हाईत हाय."

स्वतःला कुणी फोन करत नाही, म्हणून स्वतःचा नंबर पाठ होत नाही. फोन हरवला की नंबरही हरवतो. पाठ करून घेताना सलग दहा आकडे म्हणायला लावू नका. दोन-दोनच्या पाच जोड्या करा, रोजच्या भेटीत एकदा म्हणवून घ्या. आठवड्याभरात बसतो.

सिम कुणाच्या नावावर आहे हे त्या माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. छत्रीखालच्या विक्रेत्याकडून घेतलेलं सिम भलत्याच्याच नावावर निघतं. असा नंबर चालू आहे तोवर चालतो, पण हरवल्यावर डुप्लिकेट सिम मिळत नाही, कारण दुकानात मूळ मालक उभा करावा लागतो. असल्या नंबरवर पुढचं काहीही बांधू नका. नवीन सिम काढा.

सिम त्याच्याच नावावर

नवा कार्यकर्ता चांगुलपणाने दोन चुका हमखास करतो. पहिली, स्वतःच्या नावावर सिम काढून देणं. त्या नंबरवरून काही गैरव्यवहार झाला तर चौकशी तुमच्या दारात येते, आणि तुम्ही काम सोडलंत की तो माणूस पुन्हा शून्यावर. दुसरी चूक जास्त वाईट: कुणाच्या आधारला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडणं. एकच नंबर अनेकांच्या आधारला जोडता येतो, त्यामुळे हे सोपंही जातं. मग वर्षभराने कार्यकर्ता दुसऱ्या शहरात, आणि इथे वीस माणसांचे ओटीपी त्याच्या खिशात. नंबर बदलायला त्या वीसही जणांना पुन्हा आधार केंद्रावर न्यावं लागतं.

सिम घ्यायला कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा. टपरीवर मिळतं तेही अधिकृत असू शकतं, पण टपरीवर "अंगठा नीट उमटला नाही, परत लावा" म्हणत एका माणसाच्या नावावर दोन-तीन सिमं काढली जातात. जास्तीची सिमं फसवणूक करणाऱ्यांना विकली जातात आणि पोलिस शोधत येतात फुटपाथवर. एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्या मिळून जास्तीत जास्त ९ सिमं असू शकतात. आपल्या माणसाच्या नावावर किती आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर त्याचा नंबर आणि ओटीपी टाकून दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नाही" अशी नोंद करता येते. सिम सुरू झालं की पहिल्या आठवड्यात हे एकदा कराच.

सिम आधी काढायचं असलं तरी कंपनी निवडण्यापूर्वी फोन कोणता असेल ते ठरवा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जुन्या टूजी बटणांच्या फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही. दान म्हणून आलेल्या फोनांत असे बरेच असतात. त्यात एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल घाला. उलट जिओभारतसारख्या बटणांच्या फोनमध्ये फक्त जिओचंच सिम चालतं. सिम आणि फोन जुळत नाहीत म्हणून पुन्हा दुकानाची फेरी झाली की माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि तो तिसऱ्यांदा तुमच्याबरोबर येत नाही.

रिचार्जचं गणित नीट समजून घ्या. प्लॅनची मुदत संपली की आधी जाणारे कॉल थांबतात आणि थोड्या दिवसांनी येणारेही. नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग बँकेचे मेसेज परक्याच्या फोनवर जायला लागतात. सिमच्या खात्यात किमान २० रुपये बॅलन्स असेल तर नंबर राखून ठेवण्याची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. नेट न वापरणाऱ्याला नेटचे पैसे भरायला लावण्यात अर्थ नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात. ते दुकानदार आपणहून दाखवत नाही. "नेट नको, फक्त बोलायचं, लांब मुदतीचं" असं स्पष्ट मागा. संस्था पैसे घालणार असेल तर दर महिन्याला २८ दिवसांचा पॅक मारण्यापेक्षा तीन महिन्यांचा किंवा त्याहून लांबचा मारा, आणि संपण्याची तारीख केंद्राच्या वहीत लिहा.

आधारला नंबर जोडणं

आधार असेल आणि नंबर बदलायचा असेल तर कुठलंही कागदपत्र लागत नाही. माणूस स्वतः, त्याचा आधार क्रमांक आणि बोटं एवढं पुरतं. ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये आहे, पावती घ्या. नवा नंबर चालू हवा, फोन चार्ज केलेला आणि बरोबर हवा. नाहीतर रांगेत दोन तास उभं राहून परत यावं लागतं.

सिमेंट, विटा, भांडी घासणं यात बोटांचे ठसे झिजतात. ऑपरेटर "ठसे येत नाहीत, नंतर या" म्हणाला तर डोळ्यांच्या बुबुळांनी ओळख पटवायला सांगा, केंद्रावर ते यंत्र असतं. ठसे घेण्याआधी हात कोमट पाण्याने धुऊन थोडं तेल लावून पुसले तर फरक पडतो.

आधार हरवलेलं असेल आणि क्रमांकही आठवत नसेल तर नव्याने नोंदणी करू नका. ठसे जुन्याशी जुळतात आणि अर्ज बाद होतो. १९४७ या हेल्पलाइनवर किंवा आधार सेवा केंद्रात जुना क्रमांक शोधण्याची प्रक्रिया करा. आधार कधीच काढलेलं नसेल तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं. हा नमुना भरून, शिक्का मारून निवारा केंद्रावर तयार ठेवा.

फोन कोणता, चार्ज कुठे

बहुतेकांसाठी पहिला फोन बटणांचा. नवा हजार ते दीड हजारात मिळतो, चोराला त्यात रस कमी आणि एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस सहज जातात. स्मार्टफोन ज्याला हवा त्याला द्या, विशेषतः तरुण मुलांना आणि गावी व्हिडिओ कॉल करायचा असतो त्यांना. पण आठ हजारांचा फोन उशाशी ठेवून उघड्यावर झोपणाऱ्याची झोप उडते, हेही लक्षात घ्या.

जुना फोन विकत घेताना आधी *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बघा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. चोरीचा फोन बेघर माणसाच्या खिशात सापडला तर त्याने तो विकत घेतलाय हे कुणी ऐकून घेत नाही. म्हणून पावती हवीच, हाताने लिहिलेली का असेना.

बॅटरी काढता येणारा फोन शक्यतो निवडा. बीएल-५सी ही बॅटरी बऱ्याच साध्या फोनांत बसते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. दोन बॅटऱ्या आणि बॅटरी चिमट्यात धरून चार्ज करणारा चार्जर दिला की फोन खिशात राहतो आणि फक्त बॅटरी चहाच्या टपरीवर जाते. फोन चार्जिंगला लावून डुलकी लागली, हे चोरीचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. पावसाळ्यात दुधाची पिशवी धुऊन, वाळवून त्यात फोन ठेवून वर रबर लावलं तरी काम भागतं. भिजलाच तर आधी बॅटरी काढायची, दोन दिवस वाऱ्यावर ठेवायचा आणि तोवर सुरू करून बघायचं नाही. लोक नेमकं तेच करतात आणि फोन जळतो.

बटणं लावून देणं

अक्षरओळख नसलेल्या माणसाला नावांची यादी निरुपयोगी. स्पीड डायल लावा, म्हणजे एकच बटण दाबून धरलं की ठरलेला नंबर लागतो: २ वर निवारा केंद्र, ३ वर दवाखान्यातल्या ताई, ४ वर घरचं कुणी. घरचा नंबर विचारून, त्याची इच्छा असेल तरच. कित्येकांनी घर मुद्दाम सोडलेलं असतं. २ च्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या, ३ वर पांढरा. अंधारात, चष्मा नसताना ठिपका दिसतो, आकडा दिसत नाही. मग तुमच्यासमोर तिन्ही कॉल लावायला सांगा. तुम्ही लावून दाखवलेत तर शिकवणं झालं नाही.

तातडीचे नंबर दोनच शिकवा: रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह इतर सगळ्यासाठी ११२. बॅलन्स नसला तरी लागतात. महिलांना महिला हेल्पलाइनचा १८१ सांगा. खरी अडचण फोन लागल्यावर येते. समोरून पत्ता विचारतात आणि फुटपाथला पत्ता नसतो. म्हणून माणूस जिथे झोपतो तिथे त्याला घेऊन उभे राहा आणि खूण ठरवा. मेट्रोच्या खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरही बहुधा असतात. "अमुक उड्डाणपूल, खांब नंबर एवढा, समोर मेडिकल" हे वाक्य घोकून घ्या. जागा बदलली की वाक्य बदला.

जोडीला एक कागदी कार्ड हवंच. लॅमिनेट करून, भोक पाडून, सेफ्टी पिनने आतल्या कपड्याला लावायचं. त्यावर त्याचा स्वतःचा नंबर, निवारा केंद्राचा नंबर, चालू औषधांची नावं आणि ॲलर्जी. आजाराचं नाव त्याला विचारून लिहा. एचआयव्ही, मानसिक आजार किंवा टीबी असं कार्डावर वाचून बाजूला झोपणाऱ्यांनी माणसाला हाकललं, असं घडतं. फोनमध्येही "टीबीवाल्या ताई" असं नाव साठवू नका. "सुनीता ताई" पुरे.

औषधं आणि दवाखाना

फोनचा सगळ्यांत मोठा उपयोग इथे आहे आणि तो अगदी साधा आहे: रोजचा अलार्म. टीबीचे साधे उपचार सहा महिन्यांचे असतात, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. बरं वाटायला लागतं दुसऱ्या महिन्यातच आणि तिथेच गोळ्या सुटतात.

अलार्म घड्याळाच्या सोयीने लावू नका, त्या माणसाच्या दिवसाच्या सोयीने लावा. नाक्यावर साडेसहाला पोचणाऱ्याला आठचा अलार्म म्हणजे ठेकेदारासमोर वाजणारा अलार्म. तो बंद करून टाकतो. पहाटे सार्वजनिक शौचालयाहून आल्यावर, पहिल्या चहाच्या आधी, अशी जागा शोधा. वेळ आणि रिकाम्या पोटी की खाऊन, हे नर्सला विचारून ठरवा. अलार्म लावताना "एकदा" असं राहून जातं, "रोज" निवडलंय का ते बघा. काही साध्या फोनांत फोन बंद असतानाही अलार्म वाजतो, काहींत नाही. बंद करून, पाच मिनिटांनंतरचा अलार्म लावून तपासा.

पुढची पायरी मिस्ड कॉल. गोळी घेतली की केंद्राला एक मिस्ड कॉल. पैसे जात नाहीत, बोलावं लागत नाही. दोन दिवस मिस्ड कॉल आला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन बघायचं. ही जबाबदारी कुणाची ते आधी ठरलेलं नसेल तर मिस्ड कॉलची पद्धत सुरूच करू नका. पलीकडे कुणी बघत नाही हे माणसाला चार दिवसांत कळतं.

टीबीच्या औषधांनी लघवी नारिंगी-लालसर होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या फेकून देतो. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या किंवा नजर धूसर होणं मात्र वेगळं: त्याच दिवशी ३ चं बटण दाबायचं आणि दवाखान्यात जायचं.

टीबी रुग्णाची नोंद निक्षय या सरकारी प्रणालीत होते आणि त्याला एक निक्षय आयडी मिळतो. तो कार्डावर लिहा. माणूस मुंबईहून नाशिकला गेला तरी त्या आयडीवरून उपचार तिथल्या सरकारी केंद्रात हलवता येतात, नव्याने सुरुवात करावी लागत नाही. टीबी रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले आहेत आणि ते थेट बँक खात्यात जमा होतात. खातं नाही म्हणून पैसे अडकले, अशी प्रकरणं रस्त्यावरच्या रुग्णांत जास्त दिसतात. म्हणून जन धन खातं उपचाराच्या पहिल्याच महिन्यात उघडा.

जखमांसाठी कॅमेरा कामाला येतो. मधुमेहाच्या पायाची जखम नर्सला दाखवायची असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय घ्या. एक अख्ख्या पायाचा, एक जवळून. जखमेशेजारी, जखमेला न टेकवता, दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून जखम वाढते की आटते ते कळतं. चेहरा फोटोत येऊ देऊ नका. फोटो पाहून सल्ला मिळतो, पण वास येत असेल, पाय काळा पडत असेल किंवा ताप असेल तर फोटो काढत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट भिजतात आणि हरवतात. मिळतील त्या दिवशीच फोटो काढून त्या माणसाच्या डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवण्याच्या सरकारी सोयीत चढवा. डिजिलॉकर त्याच्या आधार-ओटीपीने उघडतं, म्हणजे फोन गेला तरी नंबर असला की कागद परत मिळतात. फोन बटणांचा असेल तर केंद्रातल्या फोनवरून, त्याला समोर बसवून उघडा आणि काम झालं की लॉग आउट करा. पिन त्यालाच ठरवू द्या.

७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड काढायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार पुरतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. फुटपाथवर म्हातारी माणसं कमी नाहीत, हे काम पटकन होण्यासारखं आहे. मन फार खचलं असेल, झोप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीतही. पहिला कॉल मात्र शेजारी बसून लावून द्या.

पैसा आणि फसवणूक

रेशन दुकानात यंत्रावर बोट जुळलं नाही की आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी मागवून काम होऊ शकतं. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे बिहार किंवा विदर्भातलं कार्ड असलेला माणूसही मुंबईत धान्य उचलू शकतो. दुकानदार "गावी जा" म्हणाला तर अडून राहा.

खात्यातली शिल्लक बटणांच्या फोनवरूनही कळते. बहुतेक बँकांचा मिस्ड कॉलचा नंबर असतो, तो ५ च्या बटणावर लावा. पैसे आले की नाही हे बघायला बँकेत अर्धा दिवस घालवायची गरज उरत नाही.

सगळ्यांत मोठा धोका खातं भाड्याने मागणाऱ्यांचा. "दोन हजार देतो, पासबुक, एटीएम आणि सिम महिनाभर दे" असं सांगत माणसं निवाऱ्याच्या दारात उभी राहतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोषणाचे हजार रुपयेही अडकतात. हे पहिल्याच आठवड्यात सांगा, आडपडदा न ठेवता. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितकी आशा कमी.

फोन गेला तर

१. त्याच दिवशी कंपनीला कळवून सिम बंद करा. केंद्राच्या वहीत नंबर, सिमची कंपनी आणि आयएमईआय आधीच लिहिलेलं असलं तर हे पाच मिनिटांचं काम.

२. पोलिसांत गहाळ किंवा चोरीची नोंद करून प्रत घ्या. माणूस एकटा गेला तर त्याला बहुधा परत पाठवतात. बरोबर जा.

३. माणसाला घेऊन कंपनीच्या दुकानात डुप्लिकेट सिम काढा. नंबर तोच मागा. नवा देतो म्हटलं तरी घेऊ नका.

४. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक रोखण्यासाठी. बँक, आधार किंवा डिजिलॉकरचं काम त्या दिवशी ठरवू नका.

५. पोलिसांच्या प्रतीवरून संचार साथीवर आयएमईआय अडवा. फोन परत मिळेलच असं नाही, पण तो वापरून कुणी काही केलं तर आपला माणूस सुटतो.

६. नवा फोन मिळेपर्यंत सिम केंद्रातल्या जादा फोनमध्ये घाला आणि दिवसातून एकदा त्या माणसाने येऊन मेसेज बघायचे. अलार्मच्या जागी तोवर केंद्रातल्या कुणीतरी आठवण करायची.

निवाऱ्यात असे दोन-तीन जादा बटणांचे फोन कायम चार्ज करून ठेवा. लागतात.

फोन नको म्हणणारेही भेटतील. कुणाला पोलिसांची भीती असते, कुणाला फोन शोधत नवरा येईल ही भीती, कुणाला नुसती कटकट नको असते. तिथे आग्रह धरू नका. कार्ड द्या, सिम त्यांच्या नावावर काढून हवं तर केंद्रात पाकिटात ठेवा, पाकिटावर त्यांचीच सही किंवा अंगठा घ्या, आणि दोन महिन्यांतून एकदा त्यांना बोलावून ते सिम फोनमध्ये घालून एक कॉल लावा.